सिंगलटन सर्व्हिस आहे तरी स्क्रीनवर नवा दर आणि पावतीवर जुना, स्टार्टअप कोडमध्ये काय चुकतंय?

भोगावती_काठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, दोन आठवडे एकाच बगमागे लागलोय, आता डोकं चालत नाहीये म्हणून इथे विचारतोय. थोडं लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

दूध संकलनाचं वेब ॲप आहे. गावोगावच्या संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) मोजतात, मशीनवरून आकडे ॲपमध्ये येतात, ॲप दरपत्रकातून दर काढतं, लिटरने गुणतं आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. दरपत्रक म्हणजे मोठा तक्ता असतो, गाय आणि म्हैस वेगळं, फॅट एकेका पॉइंटने वाढत जातो तसा दर बदलतो, एसएनएफचंही तसंच. प्रत्येक पावतीला डेटाबेस गाठायला नको म्हणून हा तक्ता "दरसेवा" नावाच्या क्लासमध्ये मेमरीत ठेवलाय आणि ती सिंगलटन आहे, म्हणजे तिचं एकच ऑब्जेक्ट सगळे वापरतात. दर बदलला की ऑफिसमधला माणूस ॲडमिन स्क्रीनवर नवं पत्रक चढवतो आणि रिफ्रेशचं बटण दाबतो, दरसेवा डेटाबेसमधून तक्ता परत वाचते.

प्रॉब्लेम असा की रिफ्रेश केल्यावर ॲडमिन स्क्रीनवर नवा दर दिसतो, पण पावती जुन्याच दराने निघते. ॲप रिस्टार्ट केलं की सगळं बरोबर. रिस्टार्ट नाही केलं तरी कधी रात्री, कधी दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप नीट होतं. मधल्या वेळात जेवढ्या पावत्या निघाल्या त्या सगळ्या चुकीच्या, आणि मग दहा दिवसांच्या बिलात फरक काढत बसायचं. पावतीवर दर कमी दिसला की माणूस संस्थेच्या सचिवाला धरतो, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नसतो.

ॲप एएसपी डॉट नेट कोअरवर (मायक्रोसॉफ्टचं वेब फ्रेमवर्क) आहे. मूळ कोड ३.१ च्या काळातला, आता डॉट नेट ८ वर आणलाय पण जुना स्टार्टअप क्लास (ॲप सुरू होताना चालणारा) तसाच ठेवलाय. एकच विंडोज सर्व्हर, त्यावर आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर). सिंगलटन म्हणजे एकच ऑब्जेक्ट ना? मग एकाच ऑब्जेक्टमध्ये दोन दर कसे?

(एसएमएसमध्ये पण कधीकधी जुना दर जातो अशी तक्रार आहे, पण ती रोज येत नाही, तो वेगळा बग असावा. तो नंतर बघू.)

मैलाचा_दगड | सोमवार, रात्री १०:०५

ब्राउझर कॅश तपासलंत का? का पावती प्रिंट करणाऱ्या मशीनवर दर साठवला जातो?

भोगावती_काठ | सोमवार, रात्री १०:१२

दोन्ही तपासलं. रक्कम सर्व्हरवरच काढली जाते, "बिलगणक" नावाचा क्लास आहे, तो दरसेवेला दर विचारतो. लॉगमध्ये बिलगणकाला मिळालेला दरच जुना दिसतोय.

रानवारा | सोमवार, रात्री १०:३०

बिलगणक स्टार्टअपमध्ये कसा रजिस्टर केलाय ते सांगा. नेमकी ओळ. तिथे कुठे बिल्ड सर्व्हिस प्रोव्हायडर असं काही लिहिलंय का?

आणि दुसरं, हे "आपोआप नीट होतं" म्हणताय ते पहिल्यापासून आहे का अलीकडचं? महिना-दोन महिन्यांत सर्व्हरवर काय बदललं?

भोगावती_काठ | सोमवार, रात्री ११:०२

रानवारा, हो! कॉन्फिगर सर्व्हिसेसमध्ये आहे ते. बिलगणकाच्या कन्स्ट्रक्टरला दोन गोष्टी लागतात, एक दरसेवा आणि दुसरा पैसे राऊंड कसे करायचे त्याचा आकडा जो सेटिंग फाईलमधून येतो. तो आकडा कंटेनरला (नोंदीप्रमाणे ऑब्जेक्ट बनवून देणारा फ्रेमवर्कचा भाग) कुठून माहीत असणार, म्हणून आधीच्या डेव्हलपरने असं केलंय: पहिल्यांदा बिल्ड सर्व्हिस प्रोव्हायडर कॉल करून कंटेनर बनवला, त्यातून दरसेवा मागून घेतली, मग न्यू करून बिलगणक हाताने बनवला आणि तो तयार ऑब्जेक्ट ॲड सिंगलटनला दिला.

सर्व्हरवर बदल म्हणाल तर एकच केला. पहाटे साडेपाचला पहिली पावती निघायला फार वेळ लागतो अशी ओरड होती, ॲप झोपलेलं असायचं. म्हणून आयआयएसमध्ये आयडल टाइमआउट शून्य केला (म्हणजे वापर नसला तरी ॲप बंद होत नाही) आणि स्टार्ट मोड ऑलवेज रनिंग केला. त्याचा याच्याशी काय संबंध?

रानवारा | सोमवार, रात्री ११:४८

संबंध आहे, आणि तुमच्या दोन आठवड्यांचं उत्तर त्यातच आहे. सावकाश सांगतो.

सिंगलटन म्हणजे "ॲपमध्ये एक" असं आपण धरून चालतो. खरं तर ते "त्या कंटेनरमध्ये एक" असतं. कॉन्फिगर सर्व्हिसेस चालू असतं तेव्हा कंटेनर अजून बनलेलाच नसतो, तुमच्याकडे असते ती फक्त यादी, कुठल्या इंटरफेसला कुठला क्लास आणि तो किती काळ जगवायचा याची. ही यादी पूर्ण झाली की फ्रेमवर्क त्यावरून कंटेनर बनवतं. तुमच्या आधीच्या माणसाने मध्येच बिल्ड सर्व्हिस प्रोव्हायडर मारलं म्हणजे त्याच अर्धवट यादीवरून एक वेगळा कंटेनर उभा केला. त्या कंटेनरची स्वतःची दरसेवा तयार झाली, तिने स्टार्टअपच्या वेळचा तक्ता वाचला आणि ती बिलगणकाच्या पोटात जाऊन बसली. नंतर फ्रेमवर्कने आपला खरा कंटेनर बनवला, त्यात दरसेवा वेगळी. ॲडमिनचं बटण या दुसरीला रिफ्रेश करतं. पहिलीपर्यंत कोणी पोचूच शकत नाही, तिला ओळखतो फक्त बिलगणक.

आता हे इतकी वर्षं लपलं कसं ते बघा. आयआयएसचा आयडल टाइमआउट डिफॉल्ट २० मिनिटं असतो. सकाळचं संकलन संपलं, दुपारी ऑफिसमध्ये कोणीतरी नवं पत्रक चढवलं, मग ॲपला कोणी हात लावला नाही, २० मिनिटांनी प्रोसेस बंद. संध्याकाळची पहिली पावती आली की प्रोसेस नव्याने सुरू, स्टार्टअप परत चालला, बिलगणकाच्या दरसेवेने आपसूक नवा तक्ता वाचला. बग होताच, पण रोज दुपारी पुसला जायचा. तुम्ही ॲप झोपू दिलं नाही आणि तो उघडा पडला. आता प्रोसेस बंद होते ती फक्त ठरलेल्या रिसायकलला (आयआयएस स्वतःहून प्रोसेस बदलतं तेव्हा), तो डिफॉल्ट १७४० मिनिटं म्हणजे २९ तासांनी होतो. २९ म्हणजे दिवसाला पाच तास पुढे, म्हणून तुम्हाला कधी रात्री नीट झालेलं दिसतं कधी दुपारी.

आयडल टाइमआउट परत २० मिनिटांवर नेऊ नका हां, तुम्ही केलेला बदल बरोबरच आहे. स्टार्टअपमधली ती ओळ काढा.

चाफा_२२ | मंगळवार, सकाळी ८:१५

रानवारा, फार छान उलगडून सांगितलंत. मी जावावाली, आमच्याकडे याचंच भावंड आहे. स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये बीन (कंटेनरने सांभाळलेला ऑब्जेक्ट) डिफॉल्ट सिंगलटनच असतो पण तोही त्या ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टपुरता. जुन्या एक्सएमएल कॉन्फिगवाल्या प्रोजेक्टमध्ये रूट कॉन्टेक्स्ट वेगळा आणि डिस्पॅचर सर्व्हलेटचा कॉन्टेक्स्ट वेगळा, आणि दोन्हीकडे एकाच पॅकेजचं कंपोनंट स्कॅन लावलेलं. मग प्रत्येक सर्व्हिस दोनदा तयार व्हायची. आम्हाला कळलं ते शेड्यूल्ड जॉबमुळे, रोज सकाळी ग्राहकांना तीच मेल दोनदा जायची आणि आम्ही मेल सर्व्हरवर संशय घेत बसलो होतो.

नवशिका | मंगळवार, सकाळी १०:२०

मी आत्ताच शिकतोय, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. सिंगलटन, स्कोप्ड, ट्रान्झियंट हे तिन्ही नेमकं कधी वापरायचं? आणि ती ओळ काढली तर बिलगणकाला तो राऊंडिंगचा आकडा कसा द्यायचा?

रानवारा | मंगळवार, दुपारी १:३५

बाळबोध अजिबात नाही, दुसरा प्रश्न तर मुद्द्याचाच आहे, कारण "कन्स्ट्रक्टरला एक साधा आकडा द्यायचाय" एवढ्याच कारणासाठी लोक मध्येच कंटेनर बनवतात, मी तीन-चार ठिकाणी बघितलंय.

ॲड सिंगलटनला तयार ऑब्जेक्ट द्यायच्या ऐवजी फंक्शन देता येतं. त्या फंक्शनला कंटेनर स्वतः सर्व्हिस प्रोव्हायडर हातात देतो, त्यातून दरसेवा मागा, आकडा कॉन्फिगरेशनमधून घ्या, बिलगणक बनवून परत द्या. हे फंक्शन स्टार्टअपच्या वेळी चालत नाही, जेव्हा पहिल्यांदा कोणी बिलगणक मागेल तेव्हा चालतं, आणि तोपर्यंत खरा कंटेनर उभा असतो. दुसरा मार्ग म्हणजे सेटिंगचा छोटा क्लास करून ऑप्शन्स पॅटर्नने इंजेक्ट करायचा, मग फंक्शनचीही गरज नाही. मला दुसरा जास्त आवडतो पण आज रात्री फिक्स टाकायचा असेल तर पहिला दोन ओळींत होतो.

अजून एक फरक आहे. तुम्ही स्वतः न्यू करून दिलेला ऑब्जेक्ट बंद करायची जबाबदारी तुमची, कंटेनर त्यावर डिस्पोज कॉल करत नाही. कंटेनरने स्वतः बनवलेला असेल, फंक्शनमधून का होईना, तर ॲप बंद होताना तोच डिस्पोज करतो. फाईल किंवा कनेक्शन धरून बसणारी सर्व्हिस असेल तर हे महत्त्वाचं.

तिन्हीचं थोडक्यात: सिंगलटन कंटेनर जगेल तोवर एक, स्कोप्ड प्रत्येक वेब रिक्वेस्टला एक, ट्रान्झियंट मागाल तितक्यांदा नवा. डीबी कॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) स्कोप्ड, कारण तो एकावेळी एकाच कामासाठी बनवलेला आहे, दोन थ्रेडनी धरला की "आधीचं ऑपरेशन पूर्ण व्हायच्या आत दुसरं सुरू केलं" असा एक्सेप्शन फेकतो. बदलत नाही किंवा सगळ्यांना सारखंच लागतं, आणि अनेक थ्रेडनी एकदम हात लावला तरी बिघडत नाही, असंच सिंगलटन करावं.

मैलाचा_दगड | मंगळवार, दुपारी ३:१०

मी जुना माणूस, सरळ विचारतो. दरसेवा स्टॅटिक क्लास केला असता तर हे काही झालंच नसतं. स्टॅटिक म्हणजे प्रोसेसमध्ये एकच, कंटेनर दोन असोत नाहीतर दहा. डिपेंडन्सी इंजेक्शनच्या (क्लासला लागणारे ऑब्जेक्ट बाहेरून पुरवण्याच्या) नावाखाली आपण सोपी गोष्ट अवघड करून ठेवली आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

रानवारा | मंगळवार, दुपारी ४:००

हा बग झाला नसता, हे तुमचं बरोबर आहे, मान्य.

पण स्टॅटिक डेटाबेसशी बोलणार कसा? कनेक्शन स्ट्रिंग त्याला कोणीतरी आधी द्यायला हवी आणि ती द्यायच्या आधी कोणी दर मागितला तर काय, हा क्रम मग आपल्याला डोक्यात ठेवावा लागतो. टेस्ट लिहिताना तर फार त्रास होतो, एका टेस्टने भरलेला तक्ता दुसऱ्या टेस्टला दिसतो, एकेक चालवल्या की पास आणि एकत्र चालवल्या की फेल. भोगावतींच्या ॲपला पावतीच्या रकमेच्या टेस्ट असायलाच हव्यात, तिथे मी स्टॅटिकच्या वाट्याला जाणार नाही.

चाफा_२२ | मंगळवार, दुपारी ४:२५

रानवाराला +१. शिवाय स्टॅटिक किंवा सिंगलटन काहीही असो, त्यात फील्डमध्ये काय ठेवतो हा वेगळाच धोका. एका ठिकाणी सिंगलटन सर्व्हिसमध्ये "सध्याचा ग्राहक" असं फील्ड होतं. डेव्हलपमेंटला एकटाच माणूस क्लिक करत असतो, सगळं सुरळीत. लाइव्ह गेल्यावर एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसायला लागला. दोन रिक्वेस्ट एकदम आल्या, दुसरीने फील्ड बदललं, पहिलीने ते वाचलं, इतकं साधं. त्या दिवसापासून कोड रिव्ह्यूला सिंगलटन दिसला की मी आधी त्याची फील्ड वाचते.

भोगावती_काठ | मंगळवार, रात्री ११:५५

फिक्स टाकला. बिल्ड सर्व्हिस प्रोव्हायडर काढलं, फंक्शन दिलं. टेस्ट सर्व्हरवर दर बदलला, रिफ्रेश केलं, पावती काढली.

पावती अजून जुन्याच दराने येतेय.

आता खरंच कळेनासं झालंय. पूर्ण सोल्यूशनमध्ये शोधलं, बिल्ड सर्व्हिस प्रोव्हायडर आता कुठेच नाही.

रानवारा | बुधवार, सकाळी ७:३०

धीर सोडू नका, जवळ आलात. अंदाज बांधत बसण्यापेक्षा मोजून घ्या. दरसेवेच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एक ग्विड (दर वेळी वेगळा येणारा ओळख क्रमांक) बनवून फील्डमध्ये ठेवा आणि "दरसेवा तयार झाली, क्रमांक अमुक" अशी लॉगची ओळ टाका. रिफ्रेशच्या मेथडमध्ये आणि दर काढायच्या मेथडमध्ये पण तोच क्रमांक लॉग करा. ॲप सुरू करा, एक पावती, एक रिफ्रेश, एक एसएमएस एवढं करा आणि "तयार झाली" किती वेळा येतं ते सांगा. जुन्या कोडवर पण एकदा तसंच करून बघा.

आणि दरसेवा किती इंटरफेस इम्प्लिमेंट करते?

भोगावती_काठ | बुधवार, सकाळी ११:१०

जुन्या कोडवर तीन वेळा. नव्या कोडवर दोन वेळा.

इंटरफेस दोन आहेत. एक "दर वाचक", तो बिलगणक आणि एसएमएसवाला वापरतात. दुसरा "दर रिफ्रेशर", तो ॲडमिन स्क्रीन वापरते. स्टार्टअपमध्ये दोन ओळी आहेत, ॲड सिंगलटन दर वाचक, दरसेवा, आणि खाली ॲड सिंगलटन दर रिफ्रेशर, दरसेवा. क्लास एकच आहे ना पण दोन्हीकडे?

रानवारा | बुधवार, सकाळी ११:२५

हेच. कंटेनर क्लासकडे बघून "हा आधीच बनवलाय" असं म्हणत नाही, तो नोंदीकडे बघतो. दोन नोंदी, दोन सिंगलटन. रिफ्रेशर नावाने मागितलेली दरसेवा वेगळी आणि वाचक नावाने मागितलेली वेगळी.

उपाय: दरसेवा आधी स्वतःच्याच नावाने सिंगलटन करा. मग दोन्ही इंटरफेसच्या नोंदी फंक्शनने करा आणि त्या फंक्शनमध्ये प्रोव्हायडरकडून तीच दरसेवा मागून परत द्या. नोंदी तीन, ऑब्जेक्ट एक.

आता तुमचा "वेगळा बग" पण बघा. एसएमएसवाल्याची दरसेवा ही खऱ्या कंटेनरमधली वाचक नावाची, म्हणजे जुन्या कोडमधली तिसरी प्रत. सिंगलटन ॲप सुरू होताना बनत नाही, पहिल्यांदा कोणी मागितला की बनतो. ॲप सुरू झाल्यावर पहिला एसएमएस जायच्या आधी दर बदलला असेल तर ती प्रत नवा तक्ता वाचणार, एसएमएस बरोबर. पहिला एसएमएस आधी गेला आणि दर नंतर बदलला की पुढच्या रिस्टार्टपर्यंत चूक. म्हणून ती तक्रार रोज येत नव्हती.

बॅकग्राउंडला चालणाऱ्या सर्व्हिसचंही असंच होतं, एक क्लास ॲड सिंगलटनने आणि तोच ॲड होस्टेड सर्व्हिसने रजिस्टर केला की दोन तयार होतात. तिथेही होस्टेडच्या नोंदीला फंक्शन द्यायचं.

नवशिका | बुधवार, सकाळी ११:५०

बाप रे, हे मला कधीच समजलं नसतं. वाचनखूण साठवली.

चाफा_२२ | बुधवार, दुपारी १२:४०

भोगावती, रिफ्रेशची मेथड आतून कशी आहे? डिक्शनरी क्लिअर करून परत भरता का? तसं असेल तर ऐन संकलनाच्या वेळी कोणी रिफ्रेश दाबलं तर त्या क्षणी निघणाऱ्या पावतीला दर सापडणारच नाही.

भोगावती_काठ | बुधवार, दुपारी २:३०

चाफा, हो, क्लिअर करून भरतोय. आणि मागच्या महिन्यात दोन पावत्या शून्य रुपयांच्या निघाल्या होत्या, आम्ही मशीनचा दोष समजून त्या हाताने दुरुस्त केल्या होत्या. आता वाटतंय की ते हेच असणार.

रानवारा | बुधवार, दुपारी ३:०५

शक्यता दाट आहे. साधी डिक्शनरी एक थ्रेड लिहीत असताना दुसऱ्याने वाचण्यासाठी बनवलेलीच नाही. नवा तक्ता बाजूला दुसऱ्या डिक्शनरीत पूर्ण भरून घ्या, आणि सगळ्यात शेवटी फील्डचा रेफरन्स एका झटक्यात बदला. रेफरन्स बदलणं ॲटॉमिक असतं, वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुना तक्ता मिळतो नाहीतर पूर्ण नवा. फील्ड व्होलाटाइल ठेवा, म्हणजे बदललेला रेफरन्स बाकीच्या थ्रेडना दिसतो. वाचणाऱ्या मेथडने फील्ड एकदाच लोकल व्हेरिएबलमध्ये घ्यायचं आणि पूर्ण हिशोब त्यावरच करायचा, नाहीतर फॅटचा दर जुन्या तक्त्यातून आणि एसएनएफची वजावट नव्यातून असं होऊ शकतं.

आणि दर सापडला नाही तर शून्य धरू नका, सरळ एरर द्या.

उत्तररात्र | बुधवार, रात्री ८:२०

धागा मस्त चाललाय. मी पायथनवाला, आमच्याकडे लोक मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर एक ऑब्जेक्ट बनवतात आणि त्याला सिंगलटन म्हणतात. गनिकॉर्नमध्ये (पायथनचा वेब सर्व्हर) चार वर्कर लावले की चार प्रोसेस, चार ऑब्जेक्ट. रिफ्रेशची रिक्वेस्ट ज्या वर्करला लागली तोच नवा होतो, बाकी तीन जुने. एकाच पानावर एफ-फाइव्ह दाबत राहिलं की दर पुढे-मागे होताना दिसतो. आणि प्रीलोड लावून डेटाबेस कनेक्शन फोर्कच्या (एका प्रोसेसमधून वर्कर वेगळे होण्याच्या) आधी उघडलं तर तोच सॉकेट सगळ्या वर्करच्या हातात, मग एकाचं उत्तर दुसऱ्याला. कनेक्शन फोर्क झाल्यानंतर प्रत्येक वर्करमध्ये उघडायचं.

घाटवाट | बुधवार, रात्री ९:४५

मी दूध क्षेत्रातल्याच सॉफ्टवेअरवर बरीच वर्षं काम केलंय म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो, कोडपेक्षा हिशोबाचा आहे.

उत्तररात्र म्हणतात तो प्रकार भोगावतींच्या सर्व्हरवर पण होणार आहे. आयआयएस रिसायकल करताना आधी नवी प्रोसेस सुरू करतं आणि मग जुनी बंद करतं, तेवढ्या वेळापुरत्या दोन प्रोसेस एकत्र असतात. उद्या संस्था वाढल्या आणि दुसरा सर्व्हर लावला तर कायमच्या दोन. तेव्हा दरसेवा प्रत्येक प्रोसेसमध्ये कितीही नेटकी एकच असली तरी रिफ्रेश एकीलाच पोचणार. डेटाबेसमध्ये पत्रकाचा आवृत्ती क्रमांक ठेवून दर मिनिटाला तो तपासणं किंवा रेडिसवरून (सगळ्या प्रोसेसना सामायिक, मेमरीतला डेटाबेस) निरोप पाठवणं हे उपाय आहेत, करा, पण त्याने मूळ गोष्ट सुटत नाही.

मूळ गोष्ट अशी की दुधाचा दर "आत्ताचा" कधीच नसतो. तो तारखेचा आणि सत्राचा असतो. दूध संघाचं परिपत्रक येतं त्यात लिहिलेलं असतं अमुक तारखेच्या सायंकाळच्या सत्रापासून. समजा लाइट गेली, सचिवाने सकाळच्या नोंदी वहीत लिहिल्या आणि संध्याकाळी ॲपमध्ये भरल्या, तर त्यांना सकाळचा दर लागला पाहिजे. तुमच्या दरसेवेत एकच तक्ता आहे, जो शेवटचा रिफ्रेश केला तो. म्हणजे सगळे सिंगलटन दुरुस्त केले तरी उशिरा भरलेल्या नोंदींना चुकीचा दर लागणारच.

तक्त्याला लागू तारीख आणि सत्र जोडा. बिलगणकाने दर मागताना नोंदीची तारीख आणि सत्र द्यावं. आणि जो दर लावला तो, कुठल्या पत्रकातून लावला त्याच्यासकट, नोंदीबरोबर डेटाबेसमध्ये लिहून ठेवा. असं केलं की एकदा लागू झालेलं पत्रक कधी बदलतच नाही, मेमरीत ठेवायला त्याच्याइतकं सुरक्षित काही नाही. राहतं ते एवढंच की नवं पत्रक वेळेत सगळीकडे पोचलं का, आणि ते तर सहसा सत्र सुरू व्हायच्या काही तास आधी चढवलेलं असतं.

भोगावती_काठ | बुधवार, रात्री १०:३०

घाटवाट, हे वाचून थोडा वेळ गप्पच बसलो. उशिरा भरलेल्या नोंदींची तक्रार आमच्याकडे नेहमी येते आणि आम्ही ती "ऑपरेटरची चूक" म्हणून बंद करतो. ऑपरेटरने काहीच चूक केलेली नसते हे आता कळतंय. हे काम मोठं आहे पण करणार, पुढच्या दरबदलाच्या आत.

तोपर्यंत एक विचारायचं होतं, एसएमएस पाठवणाऱ्या क्लासमध्ये दर वेळी नवा एचटीटीपी क्लायंट (एसएमएस गेटवेला रिक्वेस्ट पाठवणारा ऑब्जेक्ट) बनवतोय. तो पण सिंगलटन करू का?

रानवारा | गुरुवार, सकाळी ८:०५

दर वेळी नवा नको, कारण बंद केलेलं कनेक्शन ऑपरेटिंग सिस्टिमकडे टाइम वेट अवस्थेत काही काळ पडून राहतं आणि संकलनाच्या गर्दीत सॉकेट संपू शकतात. एकच कायमचा धरून ठेवला तर उलटा त्रास, गेटवेवाल्याने आयपी बदलला तर डीएनएसमधला बदल त्याला कळत नाही. त्यासाठी एचटीटीपी क्लायंट फॅक्टरी आहे, डॉट नेट कोअर २.१ पासून, ती आतला हँडलर डिफॉल्ट दोन मिनिटांनी बदलते. फक्त तुमचा एसएमएसवाला स्वतः सिंगलटन असेल तर फॅक्टरीकडून मिळालेला क्लायंट फील्डमध्ये साठवू नका, फॅक्टरी ठेवा आणि पाठवताना क्लायंट मागा. नाहीतर क्लायंट सिंगलटनमध्ये अडकून पडतो आणि फॅक्टरी असून नसल्यासारखी.

डीबी कॉन्टेक्स्टचंही हेच, सिंगलटनने स्कोप्ड गोष्ट कन्स्ट्रक्टरमध्ये घेतली की ती कायमची धरून ठेवली जाते. डेव्हलपमेंटमध्ये फ्रेमवर्क हे तपासून एरर देतं, प्रॉडक्शनमध्ये डिफॉल्ट तपासत नाही. दरसेवेत सर्व्हिस स्कोप फॅक्टरी घ्या, तक्ता वाचायच्या वेळी स्कोप उघडा, वाचा, बंद करा.

भोगावती_काठ | शनिवार, रात्री ९:१५

अपडेट. गुरुवारी रात्री दुसरा फिक्स टाकला. शुक्रवारी दुपारी नवं पत्रक आलं, रिफ्रेश केलं, संध्याकाळी मी स्वतः एका संस्थेत जाऊन उभा राहिलो. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफची पहिली पावती निघाली ती नव्या दराने. एसएमएस पण तोच. लॉगमध्ये "दरसेवा तयार झाली" फक्त एकदा. सचिवांना सांगितलं की एवढे दिवस चूक आमच्याकडून होत होती, त्यांची किंवा मशीनची नाही, आणि मागच्या पावत्यांचा फरक या दहा दिवसांच्या बिलात जमा होईल. त्यांनी ते फळ्यावर लिहूनच ठेवलं.

एक केलं अजून, तक्ता पहिली पावती येईपर्यंत न थांबता ॲप सुरू होतानाच भरतोय, होस्टेड सर्व्हिसच्या स्टार्टमध्ये. सर्व्हर रिक्वेस्ट घ्यायला लागायच्या आधी ते पूर्ण होतं, त्यामुळे पहाटेची पहिली पावती पण आता झटकन निघते.

आणि व्हिज्युअल स्टुडिओमधली वॉर्निंगची यादी उघडून बघितली. बिल्ड सर्व्हिस प्रोव्हायडर कॉल केल्याने सिंगलटनची जादा प्रत तयार होते, अशी स्पष्ट वॉर्निंग जुन्या कोडवर पहिल्यापासून होती. दीडशे वॉर्निंगच्या खाली. सोमवारपासून रोज थोड्या थोड्या करून ती यादी रिकामी करणार आहे.

मैलाचा_दगड | शनिवार, रात्री १०:००

अभिनंदन. स्टॅटिकबद्दल माझं मत अजून तसंच आहे, पण कन्स्ट्रक्टरमध्ये ग्विड लॉग करायची युक्ती आज आमच्या प्रोजेक्टवर वापरली. कॉन्फिगरेशनची सर्व्हिस दोनदा तयार होतेय. शोधतोय.

नवशिका | रविवार, सकाळी ९:३०

मी पण आमच्या कोडमध्ये शोधलं, बिल्ड सर्व्हिस प्रोव्हायडर दोन ठिकाणी सापडलं! एक रानवारांनी सांगितलं तसं काढता येईल. दुसरं लॉगरसाठी आहे, स्टार्टअप चालू असतानाच काहीतरी लॉग करायचंय, आणि तेव्हा तर खरा कंटेनर नसतोच. ते कसं काढू?

रानवारा | रविवार, सकाळी १०:१०

त्यासाठी कंटेनर लागतच नाही. लॉगर फॅक्टरीची क्रिएट मेथड आहे, तिला कन्सोल वगैरे जे हवं ते सांगा, त्यातून लॉगर घ्या, स्टार्टअपपुरता वापरा आणि काम झालं की फॅक्टरी डिस्पोज करा. जमलं नाही तर ती ओळ इथे टाक, बघू.